खुंटावरचा हिंगूळ

श्रावणातल्या एका सकाळी मी नांदेडच्या माझ्या घरात चहा घेत बसले होते, तेव्हा मोबाइलवर दादाचा फोटो आला. दादाचा म्हणजे दादाने काढलेला. माझ्या थोरल्या भावाला फोटो काढता येतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. फोटो हललेला, अर्धा त्याच्याच अंगठ्याने झाकलेला, आणि उरलेल्या अर्ध्यात काळपट लाकडावर काहीतरी भडक नारिंगी. मी चष्मा पुसून बघत होते तोवर त्याचा फोनच आला.

“बगितलंस का?”

“काय आहे हे? झेंडू का?”

“झेंडू कुठला! खुंटाला हिंगूळ आलाय, बाई. आपोआप.”

हिंगूळ म्हणजे पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो रंग. आमच्याकडे दादा तो स्वतः कालवायचा, शिंगं साळून गुळगुळीत झाली की लावायचा, आणि बोटांना उरलेला सगळा ज्याच्या त्याच्या खुंटाला पुसायचा. बैल नटला आणि त्याचा खुंट तसाच राहिला तर बैलाला बरं वाटत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे तो रंग पावसापाण्याने निघून जायचा. पण यंदा गोठ्यात बैलच नव्हते. गुडघ्यांनी दगा दिल्यावर गेल्या दिवाळीनंतर दादाने जोडी विकून टाकली होती.

दादा जळकोटच्या बाजूला, गावाबाहेरच्या आमच्या आखाड्यावर राहायचा. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. वहिनी गेल्यापासून तो तिथे एकटा होता. त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला, सूनही नोकरी करणारी. आणि मी इकडे नांदेडला एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, निवृत्त झाले, आणि त्यानंतर दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते दोनच माणसांशी. एक दूधवाला, दुसरा दादा. दूधवाल्याला बोलायला वेळ नसतो, त्यामुळे खरं तर एकाच माणसाशी.

तो रोज सकाळी फोन करायचा. पाऊस पडला का, काय शिजवलंस, पाय दुखतो का. एवढंच. कधी फोनला उशीर झाला की मी उगाचच ओटा परत पुसायला घ्यायचे. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज वेगळा होता, घरात पाहुणे येणार असले की होतो तसा.

“हा रंग नसेल दादा,” मी म्हणाले. “काहीतरी उगवलं असेल.”

“लाकडाला काय उगवतंय? तू ये आन् बग,” तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मी तो फोटो आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. विचारलं, कोणी ओळखेल का? एकाने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एका बाईंनी विचारलं, “कुठली मिठाई आहे? कृती पाठवा.” बाकी सगळ्यांनी बघितलं आणि गप्प बसले. त्या ग्रुपवर जीवशास्त्राचे आणखी तीन शिक्षक आहेत. निवृत्त झाल्यावर माणूस विषयातूनही निवृत्त होतो की काय, असा मला राग आला.

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून भाच्याचा फोन आला. हा एरवी दिवाळीला आणि संक्रांतीला फोन करणारा मुलगा. त्यामुळे नाव बघताच मी हातातलं काम टाकून फोन उचलला.

“आत्या, बाबांचं काहीतरी बिनसलंय.”

शेजारच्या शेतातल्या माणसाने त्याला कळवलं होतं. दादा रिकाम्या दावणीत रोज कडबा टाकतो. खुंट रंगवून ठेवलाय आणि रंग आपोआप आला म्हणून सांगत सुटलाय. गावात लोक हसायला लागलेत.

“ते मुद्दाम खोटं बोलत नाहीत आत्या. स्वतःच रंगवतात आणि विसरतात. या वयात असं होतं. आज रंग विसरले, उद्या गॅस विसरतील. मी पोळ्याच्या आत येतो आणि त्यांना घेऊन जातो. शेत कोणाला तरी बटईने कसायला देऊन टाकू.”

पोरगा चुकीचं काही बोलत नव्हता. बापाची काळजी वाटून बोलत होता. पण मी ऐकताना दादाचा विचार करतच नव्हते, हे मी इथे सरळ सांगते. मला दिसत होता तो बंद आखाडा. दादा पुण्याला गेला की जळकोटच्या गाडीत बसायचं मला काही कारणच उरणार नव्हतं. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी कधीमधी पाहुणी म्हणून जाईन, सोफ्यावर बसेन, परत येईन. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो.

“तो रंग आहे हे तुला कोणी सांगितलं?” मी भाच्यावर डाफरले. “तू पुण्यात बसून ठरवलंस? मी जाते, बघते. रंग निघाला तर घेऊन जा बापाला. नाही निघाला तर तो शहाणा आहे आणि तिथेच राहील. कबूल?”

“कबूल आत्या,” तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला वाद नकोच होता.

नांदेडहून कंधारमार्गे गाडी हलत डुलत जाते. खिडकीबाहेर सोयाबीन गुडघाभर झालेलं, आभाळ भरून आलेलं. शेजारच्या बाईने मला विचारलं, माहेरी चालला का. मी हो म्हणाले, आणि किती दिवसांनी हा शब्द आपल्या कानावर आला, असं मनात आलं. तिने मग तिच्या माहेरचं सगळं सांगितलं. मला बरं वाटलं.

दादा रस्त्यापर्यंत घ्यायला आला होता. काठी टेकत. घरात पाणी प्यायलाही थांबू दिलं नाही, थेट गोठ्यात नेलं.

गोठ्याच्या एका कोपऱ्याचे पत्रे वैशाखातल्या वावटळीत उडाले होते. त्या उघड्या कोपऱ्यात तो बाभळीचा खुंट होता, आमच्या वडिलांनी, आबांनी, रोवलेला. आणि त्यावर खरोखरच हिंगूळ फुलला होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. लाकडाच्या भेगाभेगांतून ओळीने बाहेर आलेली इवलीइवली नारिंगी उलथनी, नखाएवढी, खाली दांडी आणि वर पसरट टोक. रात्रभर पाऊस झाला होता, त्यामुळे सगळी तुकतुकीत, ओली, आतून उजेड यावा तशी. गोठ्यातला बाकीचा सगळा रंग मातीचा. नुसतं बघत राहावंसं वाटत होतं.

“बग,” दादा म्हणाला. “ह्या खुंटाला तो डावीकडचा असायचा. त्याच्याच खुंटाला आलाय. दुसऱ्याला न्हाई.”

दुसऱ्या खुंटावरचे पत्रे शाबूत होते, तो कोरडा होता. मी ते बोलले नाही. दावणीत खरोखरच कडब्याच्या पेंढ्या टाकलेल्या होत्या. व्यवस्थित, तोडून.

“हे कशाला, दादा?”

“खुंट जागा झालाय तर दावण रिकामी बरी दिसती का?” तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मला ठावं हाय, बैल न्हाईत. म्या काय येडा न्हाई. पर सकाळी उठून हिकडं यायला बरं वाटून राहिलंय.”

मी वाकले आणि बोट लावलं. हिंगूळ असता तर बोट लाल झालं असतं. बोट कोरडं राहिलं, फक्त गार लागलं. चिमटीत दाबलं तर लवलवीत, कानाच्या पाळीसारखं. मी आयुष्यभर बुरशी शिकवली, पण भाकरीवरची, लोणच्यावरची, फार तर उकिरड्यावरच्या छत्र्या. ही जात पुस्तकात एका कोपऱ्यात असायची, परीक्षेला न येणारी. जेलीसारख्या अंगाची, लाकडावर वाढणारी बुरशी. मला एकदम पहिल्यांदा कॉलेजला गेल्यासारखा आनंद झाला. आणि त्या आनंदात मी दादाकडे बघायची विसरले.

पण असं नुसतं बघून ठरवता येत नाही. ओल्या लाकडावर पसरणारा एक चिकट प्रकार असतो, तोही पिवळा, पण तो थोड्याच दिवसांत भुकटी होऊन जातो. दुसरी एक असते ती पिवळ्या लोण्यासारखी, घड्याघड्यांची. तिसरीला दांड्या असतात, पण टोकं काट्यासारखी अणकुचीदार. आपली ही उलथन्यासारखी. मी पर्समधल्या सुपारीच्या डबीत थोडे तुकडे घेतले. शेजारच्या शेतातला माणूस बांधावर येऊन उभा होता.

“आक्का, रंगच हाय ना वो?” तो म्हणाला.

“तुमच्या घरी असा रंग आपणहून दाताएवढा वाढतो का?” मी म्हणाले. तो हसत निघून गेला. रात्री दादाने माझ्यासाठी वरणात चिंच घातली, वहिनी घालायची तशी.

नांदेडला येईपर्यंत डबीतले तुकडे वाळून पार आक्रसले होते, तांबूस आणि टणक, केशराच्या तुटक्या काडीएवढे. मी एक तुकडा वाटीतल्या पाण्यात टाकला. वरणाचा कुकर होईपर्यंत तो फुगून पुन्हा नारिंगी, पुन्हा लुसलुशीत. मी टाळी वाजवली. स्वयंपाकघरात एकटीने टाळी वाजवली की तिचा आवाज फार मोठा होतो.

सूक्ष्मदर्शकासाठी माझ्या जुन्या कॉलेजात गेले. ज्या खोलीत मी उभी हयात घालवली तिथे नव्या मॅडमनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, “आपण कोण?” विचारलं. सगळं अदबीने. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “हो का? बरं झालं भेट झाली.” मला वाईट वाटलं, पण ते दाखवण्यात काही अर्थ नव्हता. मी ब्लेडने पातळ काप घेतला, काचेवर ठेवला, भिंग फिरवलं. हात अजून विसरले नव्हते. आणि दिसलं. या बुरशीचे बीजाणू ज्या पेशीवर येतात ती पेशी दुफाटी असते, गलोलीच्या बेचकीसारखी. बेचक्याच बेचक्या. शंका उरली नाही. डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलॅरिया. मी नाव मोठ्याने उच्चारलं. नव्या मॅडम मोबाइलवर बोलत होत्या.

मी तिथूनच भाच्याला फोन केला. रंग नाही. बुरशी आहे. तुझा बाप शहाणा आहे. तो म्हणाला, “आत्या, मी निघालोच आहे, सुट्टी काढलीय. तिथेच भेटू.”

म्हणून पुन्हा जळकोटची गाडी धरली. भाचा आधीच पोचला होता. आखाड्याच्या ओसरीत आम्ही तिघं बसलो. मी वाळका तुकडा दाखवला, वाटीत पाणी मागवलं, आणि वर्ग सुरू केला. हे मला येतं. पोरगा वाटीत वाकून बघत होता. तुकडा फुगला तसा त्याचा चेहराही बदलत गेला. मग तो उठून गोठ्यात गेला, स्वतः बोट लावून आला आणि बापासमोर बोट धरलं. त्याला काही लागलं नव्हतं.

“बाबा, चुकलं माझं,” तो म्हणाला. “लोकांचं ऐकलं मी.”

“राहू दे रे,” दादा म्हणाला. त्याचं लक्ष वाटीकडे होतं. मग त्याने मला विचारलं, “हे जित्या झाडाला येत न्हाई का?”

“नाही. वाळलेल्या, मेलेल्या लाकडावरच. लाकूड आतून कुजत असतं, त्यावर हे जगतं.”

“मग आजवर कामून न्हाई आलं? खुंट तर आबाच्या हातचा हाय.”

प्रश्न इतका चांगला होता की मी खूश झाले. मी त्याला समजावून सांगितलं. एक तर पत्रे उडाले, त्यामुळे पाऊस थेट लाकडावर. आणि दुसरं, बैल होता तोवर त्याचं दावं खुंटाला सारखं घासायचं, तो मान घासायचा, अंग घासायचा. त्या घासण्याने लाकूड गुळगुळीत राहायचं. तिथे काही रुजायला जागाच मिळत नव्हती. दिवाळीपासून कोणी घासलं नाही, भेगांत ओल साठली, आणि हे आलं.

दादाने वाटी जवळ ओढली.

“म्हंजे बैल गेले म्हणून आलं,” तो म्हणाला.

“बरोबर,” मी म्हणाले. वर्गात कोणी नेमकं उत्तर दिलं की म्हणायचे त्याच सुरात म्हणाले.

भाचा म्हणाला, “बाबा, मग तुम्ही इथेच राहा. मी मध्येमध्ये येत जाईन. आत्याही आहे.”

मी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं. जिंकले होते मी. पत्रे कधी बसवायचे, दावणीची जागा झाडून तिथे काय ठेवायचं, हे सगळं मी मनात ठरवायलाही लागले होते. तेवढ्यात दादा म्हणाला,

“न्हाई. येतो म्या तुज्यासंगं पुण्याला.”

आम्हाला वाटलं तो रुसलाय. पोरगा त्याच्या पायाशी बसला, पुन्हा माफी मागायला लागला. दादाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रुसवा नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, हेच तर मला सहन होईना.

“दादा, कशाला?” मी म्हणाले. “तुला इथे राहता यावं म्हणून मी एवढा आटापिटा केला. कॉलेजात जाऊन आले. तू वेडा नाहीस हे सिद्ध केलं ना मी?”

“केलंस की. लई चांगलं केलंस.” तो अगदी शांतपणे बोलत होता. “पर येडा होतो तवर बरं होतं, बाई. सकाळी उठून गोठ्यात जायाचो. वाटायचं, आपल्या आधी कुणीतरी जागं झालंय. तेवढ्यावर दिवस जायाचा. आता उद्या उठून काय बगायला जाऊ? कुजलेला खुंट?”

मला राग आला. त्याचा, बुरशीचा, माझ्या विषयाचा. मी म्हणाले, “मग मी आहे ना. मी येऊन राहते.” हे मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि बोलताना मला खरंच वाटत होतं.

“तू हितं राहशील व्हय?” तो हसला. “तुज्या नळाच्या पाण्याची वेळ चुकली तर तू फोनवर रडती. आन् दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बगत बसून काय करावीत? एक गेलं की दुसऱ्याचे हेच हाल.”

पोळ्याच्या आधीच ते निघाले. दादाने जास्त काही घेतलं नाही, धोतरं, काठी, वहिनीचा पितळी तांब्या. गाडीत बसायच्या आधी तो गोठ्याकडे गेला नाही. मी मुद्दाम बघत होते. सरळ दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“तुज्यापाशी राहू दे. पोराला ह्यातलं काय कळत न्हाई. कवाबी ये. तुजं माहेर हाय.”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुण्यात त्याचं बरं चाललंय. तो सांगतो की गुडघ्यांवर इलाज सुरू आहे, नातीला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायचं काम त्याच्याकडे आहे, सोसायटीत दोन लातूरचे म्हातारे भेटलेत, त्यांच्याशी गप्पा होतात. फोन आता रोज येत नाही. सकाळी त्याला नातीची घाई असते. मला त्याचं सुख बोचत नाही, असं मी म्हणत नाही. बोचतं. पण तो हसतो तेव्हा खरा हसतो, हे मला फोनवरही कळतं.

पाऊस संपल्यावर एकदा मी जळकोटच्या गाडीत बसले. कोणाला सांगितलं नाही. आखाड्याच्या दारात उभी राहिले आणि सवयीने हाक मारणार होते. जन्मभर मी त्या दारात येऊन हाकच मारली होती. आतून आधी आई यायची, मग वहिनी, मग दादा, आणि “आलीस का?” म्हणायचं. त्या दिवशी मी पर्समधून किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, जोर लावावा लागला. दार उघडलं. आत गेले, आणि स्वतःच म्हणाले, “आले.” मग थोडा वेळ ओसरीत बसले आणि परतीची गाडी धरली.